लहानपणीच्या छोट्या मोटारी आणि त्यांच्यासाठी आखलेल्या वाटा

गॅलरीकर

तळहातावर मावणाऱ्या, जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेल्या मोटारी ज्यांच्या लहानपणात होत्या, त्यांच्यासाठी हा धागा काढत आहे. भातुकली, पतंग, गोट्या आणि विटीदांडू यांच्या आठवणींवर उदंड लेख झाले. मोटारींचा उल्लेख त्यांत आला तरी एखाद्या ओळीपुरता येतो. शिवाय मोटारींवर लिहिणारे बहुतेक जण मोटारींवरच लिहितात आणि त्या जिच्यावरून पळत त्या वाटेला विसरतात. येथे दोन्हींवर चर्चा व्हावी असे मला वाटते, किंबहुना वाटेवर थोडी अधिक.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. लंडनच्या लेस्नी कंपनीतल्या जॅक ओडेल यांच्या मुलीच्या शाळेत काडेपेटीत मावेल एवढेच खेळणे आणायची परवानगी होती, म्हणून त्यांनी तिच्यासाठी इवलासा पितळी रोड रोलर बनवला आणि त्यातूनच १९५३ साली ‘मॅचबॉक्स’ मोटारी सुरू झाल्या, ही गोष्ट बहुतेकांना ठाऊक असेल. या मोटारी अतिशय देखण्या होत्या. पण त्यांचे आस जाड होते, चाके जड फिरत आणि धक्का दिला तरी मोटार लवकरच थांबे. त्यामुळे ती हातात धरूनच चालवायची असे आणि इंजिनाचा आवाज आपल्या तोंडाने काढायचा असे. १९६८ साली अमेरिकेतल्या मॅटेल कंपनीने ‘हॉट व्हील्स’ या नावाने सोळा मोटारी बाजारात आणल्या. त्यांच्या चकचकीत रंगांची तेव्हा फार चर्चा झाली, परंतु खरा फरक आसात होता. पातळ तारेचा आस आणि कमी घर्षणाच्या प्लास्टिकचे बेअरिंग एवढ्या बदलाने मोटार उतारावर सोडली की आपली आपण पळू लागली. तिच्या जोडीला नारिंगी रंगाच्या लवचीक प्लास्टिकच्या पट्ट्याही आल्या. लेस्नीला पुढच्याच वर्षी, १९६९ मध्ये, पातळ आसाच्या ‘सुपरफास्ट’ मोटारी काढाव्या लागल्या.

माझ्या मते ढकलायची मोटार आणि सोडून द्यायची मोटार ही दोन निराळी खेळणी आहेत. पहिल्या प्रकारात मूल चालक असते, तर दुसऱ्या प्रकारात मोटार एकदा हातातून सुटली की त्याच्या हाती काहीच उरत नाही. जे काही करायचे ते त्याने आधी, रस्ता बांधतानाच करून ठेवावे लागते. आपल्याकडे गंमत अशी झाली की सोडून द्यायची मोटार आली, पण रस्ता आला नाही. ऐंशीच्या दशकात ब्लो प्लास्ट या कंपनीने मॅटेलच्या सहकार्याने ‘लिओ मॅटेल’ या नावाने येथेच हॉट व्हील्स बनवायला घेतल्या आणि आमच्या गिरगावातल्या चाळीत बहुतेक मुलांकडे एखाद-दुसरी मोटार दिसू लागली. नारिंगी पट्टी मात्र अख्ख्या चाळीत कोणाकडेच नव्हती. ती आम्ही दुकानाच्या काचेत पाहिली होती आणि तिची किंमत वडिलांना सांगण्याचे धाडस कोणी केले नव्हते.

मग आम्ही गॅलरीच्या एका टोकाला जेवणाचे दोन पाट टेकवून उतार करत असू. चाळीची गॅलरी सपाट नसते हे आम्हाला या खेळातून कळले. पावसाचे पाणी बाहेर पडावे म्हणून फरशीला कठड्याच्या बाजूने बारीकसा उतार दिलेला असतो. चालताना तो पायाला जाणवत नाही, पण पातळ आसाच्या मोटारीला तो ताबडतोब जाणवतो. प्रत्येक मोटार चार-पाच हात सरळ जाई, मग हळूहळू कठड्याकडे ओढली जाई आणि गजांखालच्या फटीतून थेट दोन मजले खाली जाई. त्यावर उपाय म्हणून आजीच्या फाटक्या लुगड्याची लांबच लांब गुंडाळी करून ती कठड्याच्या कडेने अंथरण्याची पद्धत पडली. त्या गुंडाळीला घासत गेलेली मोटार बाद धरायची की नाही यावर जेवढी भांडणे झाली, तेवढी क्रिकेटमध्येही झाली नसतील.

तुमच्याकडे कोणत्या मोटारी होत्या आणि त्या कशावरून पळत, ते सविस्तर लिहावे.

घाटवळण

धागा आवडला, पण भारतातली सुरुवात तुम्ही ऐंशीच्या दशकापासून केली आहे. त्याआधीचा मोठा अध्याय कलकत्त्याचा आहे. त्या काळात परदेशी खेळणी आयात करण्यावर कडक निर्बंध होते, परंतु साच्यांना येथे येण्याचा मार्ग होता. लिव्हरपूलच्या मेकानो कंपनीच्या ‘डिंकी’ मोटारींचे काही जुने साचे साठच्या दशकाच्या अखेरीस कलकत्त्यात आले आणि त्यांतून ‘निकी टॉइज’ या नावाने मोटारी निघू लागल्या. ब्रिटनमध्ये जी ‘अॅटलास’ नावाची छोटी बस होती, ती निकीच्या डब्यावर ‘स्टँडर्ड २०’ झाली, कारण त्याच बांधणीची खरी गाडी मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीकडून आपल्या रस्त्यांवर आली होती. मिल्टन आणि मॅक्सवेल ही कलकत्त्याचीच आणखी दोन नावे होती. मॅक्सवेलच्या मोटारी मॅचबॉक्सच्या घडणीच्या असत आणि आमच्या साताऱ्यातल्या स्टेशनरीच्या दुकानात त्या कंपासपेट्यांच्या शेजारी मांडलेल्या असत.

जुन्या साच्यांतून काढलेल्या मोटारी ओळखणे अवघड नाही. साचा झिजला की त्याचे दोन भाग एकमेकांना घट्ट बसत नाहीत आणि जोडावरून धातू बाहेर येऊन मोटारीच्या अंगावर बारीक कोर उमटते. माझ्याकडच्या एका मॅक्सवेलच्या छपरावरून बोट फिरवले तर ती कोर आजही नखाला लागते. तिच्यावरचा रंगही इतका जाड आहे की दारांच्या रेघा जवळजवळ बुजल्या आहेत. परदेशातल्या संग्राहकांना आज नेमक्या अशाच, रंगांची वाटेल ती अदलाबदल झालेल्या भारतीय मोटारी हव्या असतात, हे मला गमतीचे वाटते.

आणखी एक. ढकलायच्या मोटारीला वाट नव्हती असे तुमच्या लेखावरून वाटते, ते मला मान्य नाही. आमच्याकडच्या सतरंजीवरचे पट्टे हा आमचा पुणे-बंगळूर रस्ता होता. निळ्या पट्ट्यावरून जायचे, तांबड्यावरून यायचे, आणि सतरंजीची एक बाजू उशीवर चढवली की खंबाटकीचा घाट तयार होत असे. घाटात मोटार दुसऱ्या गिअरमध्ये चढते, त्यामुळे तोंडाचा आवाज तेथे बदलावा लागे. जो बदलत नसे त्याला खेळातून काढण्यात येई.

कोबा

आमचे घर सांगलीत गावभागात होते आणि माजघराला लाल कोबा होता. वर्षानुवर्षे पुसून पुसून त्याला जी झिलई आली होती, तिच्यावर मोटार इतकी लांब जाई की तिला अडवायला पलीकडे कोणीतरी बसावे लागे. परंतु कोब्यावर मोटार सरळ राहत नाही, म्हणून मोठ्या भावाने पडद्याचा एक जुना अॅल्युमिनियमचा चॅनल खटपट करून मिळवला. चॅनलच्या आतली रुंदी मोटारीपेक्षा कमी होती, म्हणून त्याने तो पालथा घातला आणि मोटारीच्या दोन्ही चाकांच्या मध्ये तो येईल असा बसवला. म्हणजे इतरांच्या मोटारी पट्टीच्या आत पळत आणि आमच्या पट्टीवर स्वार होऊन पळत. उतार वाढवला की पोट घासे, कमी केला की मोटार थांबे. पण मधला जो नेमका उतार होता तो सापडल्यावर त्याने भिंतीवर पेन्सिलीने खूण करून ठेवली होती आणि आईने ती चुना देतानासुद्धा राखली होती.

चाकांच्या देखभालीबद्दल कोणी लिहिलेले नाही, म्हणून लिहितो. मोटार मंदावली की आम्ही प्रथम खोबरेल तेलाचा थेंब सोडत असू, आणि तो अर्धा दिवस उत्तम काम करी. नंतर त्या तेलावर घरातली सगळी धूळ आणि केस येऊन बसत. आसाभोवती एक लांब केस गुंडाळला गेला की तो बोटांनी निघत नाही. मोटार पालथी धरून, सुईच्या टोकाने केसाचे एक टोक शोधून, चाक उलटे फिरवत तो सोडवावा लागतो. पुढे शेजारच्या एका कारागिराने सांगितले की तेलाऐवजी पेन्सिलीच्या शिशाची पूड घालावी. शिसपेन्सिलीतले शिसे म्हणजे ग्रॅफाइट, आणि ते कोरडे वंगण असल्यामुळे त्याला धूळ चिकटत नाही. पॉलिश पेपरवर पेन्सिल घासायची, पूड कागदाच्या घडीत घ्यायची आणि आसाच्या टोकाशी हलकेच फुंकायची, एवढेच काम असे.

दुर्गवेडी

मी मुलगी असल्यामुळे मला मोटार कोणी विकत आणून दिली नाही, भावाच्या मोटारीच माझ्या वाट्याला आल्या. परंतु आमच्याकडे मोटारींची खरी सद्दी वर्षातून एकदा, दिवाळीच्या किल्ल्यावर असे, आणि किल्ल्याच्या बांधकामाचा मुकादम मीच होते.

ज्यांनी किल्ला केला आहे त्यांना माहीत असेल की दगड, विटा आणि पोत्यांवर चिखल थापल्यानंतर पहिला प्रश्न रस्त्याचा येतो. बुरूज कोठेही काढता येतो, पण पायथ्यापासून महादरवाजापर्यंत वाट काढायची तर डोंगराला वळसे घ्यावे लागतात, आणि ती वाट मोटारीच्या रुंदीची असली पाहिजे असा भावाचा आग्रह असे. चिखल ओला असतानाच मोटार दाबून फिरवली की दोन्ही चाकांची चाकोरी उमटते. ती वाळली की तिच्यात मोटार सोडता येते आणि ती बाहेर पडत नाही. पुढे मी त्याच पद्धतीने प्रत्येक वळणाची बाहेरची कड बोटाने थोडी उचलून ठेवायला शिकले, कारण सपाट वळणावर मोटार सरळ निघून अळिवाच्या शेतात पडत असे. रेल्वेच्या रुळांना आणि महामार्गांना वळणावर असाच तिरपेपणा दिलेला असतो, हे अकरावीच्या पुस्तकात भेटले तेव्हा मला हसू आले.

शिवरायांच्या काळात मोटारी होत्या का, असा प्रश्न दरवर्षी कोणी ना कोणी मोठी माणसे विचारत. सिंहासनाच्या पायथ्याशी मावळ्यांच्या रांगेत एक पिवळी टॅक्सी उभी असे, त्यामुळे प्रश्न रास्तच होता. भाऊ त्यावर शांतपणे सांगत असे की ते पर्यटक आहेत.

तांबी_तार

विजेवर चालणाऱ्या ट्रॅकचा विषय अजून निघालेला नाही. ब्रिटनमध्ये फ्रेड फ्रान्सिस यांची मिनिमॉडेल्स कंपनी आधी चावीवर चालणाऱ्या ‘स्केलेक्स’ मोटारी काढत असे. त्यांत विजेची मोटर बसवून १९५७ साली ‘स्केलेक्स्ट्रिक’ आले. पट्टीच्या मध्यभागी एक खाच असते, खाचेच्या दोन्ही अंगांना धातूच्या पट्ट्या असतात आणि मोटारीच्या पोटाखालचे तांब्याच्या बारीक तारांचे दोन ब्रश त्यांवरून घासत जातात. मोटारीची जीभ खाचेत असल्यामुळे तिला सुकाणूची गरज नसते; आपल्या हातात फक्त वेग असतो. सरळ रस्त्यावर हातातल्या नियंत्रकाचा घोडा पूर्ण दाबायचा आणि वळणाच्या अलीकडे सोडायचा, हे वाचायला सोपे वाटते. पण मागची चाके घसरत घसरत वळण काढणे आणि खाचेतून उडून पलंगाखाली जाणे यांच्यात बोटाच्या किंचितशा दाबाचे अंतर असते. गॅलरीकरांनी जे दोन प्रकार केले आहेत, त्यांत हा तिसरा मिळवावा लागेल, कारण येथे मोटार हातातून सुटूनही हातात राहते.

आमच्या वसाहतीत असा एकच संच होता आणि तो अमेरिकेतल्या काकांनी एका मुलासाठी आणला होता. अमेरिकेत घरगुती वीज सुमारे १२० व्होल्टची असते आणि आपली २३०ची. काकांना ते माहीत होते, मुलाला नव्हते, आणि काका दुपारी झोपले होते. ट्रान्सफॉर्मरमधून प्रथम गुणगुण ऐकू आली, नंतर जळक्या वार्निशाचा वास आला आणि संच मुका झाला. सगळे रडकुंडीला आले असताना खालच्या मजल्यावरच्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांनी आपल्याकडचा बॅटरी एलिमिनेटर, म्हणजे बॅटरीऐवजी घरच्या विजेवरून कमी व्होल्ट देणारा डबा, जोडून दिला. त्याचे व्होल्ट कमी असल्यामुळे मोटारी निम्म्या वेगाने धावू लागल्या, आणि त्याचा फायदा असा झाला की त्या वळणावर उडेनाशा झाल्या. लहान मुलांनाही खेळता येऊ लागले. मी आज विजेच्या कामात आहे, त्याचे मूळ त्या दुपारी आहे असे घरचे म्हणतात. मला स्वतःला ते वासापेक्षा एलिमिनेटरमध्ये असावे असे वाटते.

समकोन

लूपबद्दल कोणीच कसे लिहिले नाही? नारिंगी पट्टीच्या प्रत्येक जाहिरातीत मोटार उभ्या वर्तुळातून उलटी होऊन जाते आणि घरी केलेल्या जवळजवळ प्रत्येक लूपमधून ती माथ्यावरून खाली आदळते. याचे कारण उंचीत आहे. माथ्यावर मोटार पट्टीला चिकटून राहायची तर तेथे तिला एक ठरावीक किमान वेग लागतो, आणि तो उताराच्या उंचीतूनच मिळवायचा असतो. घर्षण नाही असे धरले तरी मोटार लूपच्या त्रिज्येच्या अडीचपट उंचीवरून सोडावी लागते. लूपचा व्यास २५ सेंटिमीटर असेल तर ही उंची साधारण ३१ सेंटिमीटर होते. बहुतेक मुले मोटार लूपच्या माथ्याएवढ्याच उंचीवरून सोडतात, कारण जेवढे उतरलो तेवढे चढू असे मनाला पटते. पण तेवढ्या उंचीवरून निघालेली मोटार माथ्यापर्यंत पोचण्याआधीच पट्टी सोडते. प्रत्यक्षात आस घासतात, पट्टी दबते, कडा चाकांना लागतात, म्हणून व्यासाच्या पावणेदोन-दोनपट उंची ठेवणे शहाणपणाचे असते.

या हिशेबात लूपच्या तळाशी मोटारीचा वेग सेकंदाला सुमारे अडीच मीटर, म्हणजे ताशी नऊ किलोमीटर येतो. ही मोटार खऱ्याच्या साधारण ६४व्या हिश्शाची असते. त्याच प्रमाणात वेग वाढवून पाहिला तर तो ताशी ५७० किलोमीटरच्या आसपास जातो, त्यामुळे लहानपणी तो वेग डोळ्यांना एवढा का भासे ते समजते.

आमच्याकडे मोटारीच्या पोटाला पाच पैशांचे नाणे चिकटवून तिला जड करण्याची युक्ती प्रसिद्ध होती. पुस्तकी उत्तर असे की वजनाने काही फरक पडत नाही. पण हवेचा आणि कडांचा अडथळा वजनाच्या प्रमाणात वाढत नाही, त्यामुळे जड मोटार थोडी पुढे जाते खरी. मात्र पाच पैशांचे ते नाणे अॅल्युमिनियमचे होते आणि त्याचे वजन नगण्य, तेव्हा त्याचा उपयोग मानसिकच असावा.

वऱ्हाडकर

हे सगळे वाचताना मजा आली, पण चर्चा शहरातच फिरते आहे. विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो आणि मुले लाकडी बैल सजवून मिरवतात. त्या बैलाच्या पायांखाली पाटी असते आणि पाटीला चार चाके असतात, म्हणजे आमच्या भागातल्या पुष्कळ मुलांच्या हातात आलेले पहिले चाकांचे खेळणे मोटार नसून बैल होता. मोठ्या बैलाची चाके मोठी, त्यामुळे तो खडबडीत गल्लीतूनही जाई. माझ्या छोट्या बैलाला प्रत्येक खड्ड्यापाशी उचलावे लागे. तेव्हाच मला चाकाचा आकार आणि रस्ता यांचे नाते कळले. पुढे मामांनी नागपूरहून लोखंडी मोटार आणली तेव्हा ती अंगणात एक वीतसुद्धा चालली नाही, आणि सारवलेली ओसरी तिच्यासाठी मोकळी करून घेण्यावरून आजोबांशी वाद झाला. जमीन गुळगुळीत असलेल्या घरांसाठीच ही खेळणी बनवलेली होती, हे तुमच्यापैकी कोणाच्या ध्यानात आले नसेल.

ज्वारीच्या धांड्यांची बैलगाडी आणि तारेची मोटार यांच्यावर स्वतंत्र धागा काढावा लागेल. तारेच्या मोटारीला लांब दांडा आणि वर गोल सुकाणू असे, आणि ते फिरवले की पुढची चाके खरोखर वळत. ज्या हॉट व्हील्सचे येथे एवढे कौतुक चालले आहे, त्यांची चाके वळत नाहीत.

गॅलरीकर

वऱ्हाडकर, गुळगुळीत जमिनीचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे आणि तो माझ्या मनात खरोखरच आला नव्हता. घाटवळण, सतरंजीचाही मान्य, पण ढकलायच्या मोटारीचा रस्ता कल्पनेने पुरा होतो आणि सोडायच्या मोटारीचा होत नाही, एवढा भेद मी ठेवीन. दुर्गवेडी, पर्यटकांच्या टॅक्सीला आमच्या गॅलरीत मानाची जागा मिळाली असती.

न_उघडलेले

मी हल्ली मोटारी जमवतो आणि त्या पुठ्ठ्यावरून काढत नाही, हे आधीच सांगून टाकतो. १९९५ पासून मॅटेल काही मोटारी ‘ट्रेझर हंट’ म्हणून कमी संख्येने काढते आणि त्या नेहमीच्या खोक्यांत मिसळून पाठवते. २००७ पासून त्यांत दोन पायऱ्या आल्या. वरच्या पायरीच्या मोटारीला चकाकता रंग आणि रबरी टायर असतात. दुकानात दीडशे मोटारींच्या ढिगात ती एक दिसली की जो आनंद होतो, तो लहानपणीच्या आनंदापेक्षा कमी नाही. पुठ्ठा फाडला की तिची किंमत उतरते, म्हणून मी फाडत नाही.

एक तक्रारही आहे. आमच्या शहरातल्या एका मोठ्या दुकानात माल आला की तेथलाच कोणी तरी चांगल्या मोटारी आधीच बाजूला काढून दुप्पट-तिप्पट भावाने बाहेर विकतो, आणि मुलांच्या हाती उरलेल्या पडतात.

दुर्गवेडी

आपण जमवता त्याला माझी हरकत नाही, परंतु तक्रारीच्या शेवटच्या वाक्यातली मुले आणि आपल्या कपाटातल्या बंद मोटारी यांचा एकमेकांशी काही संबंध आहे, असे आपल्याला वाटत नाही का? दुकानातला माणूस ज्यांच्यासाठी मोटारी बाजूला काढतो, ती मुले नक्कीच नाहीत.

घाटवळण

दोघांनीही थोडे सबुरीने घ्यावे, कारण टंचाईला अन्य कारणेही आहेत. १ एप्रिल २००१ रोजी आयातीवरचे उरलेसुरले संख्यात्मक निर्बंध उठले आणि चिनी खेळण्यांनी तुळशीबागेपासून जत्रेपर्यंत सगळे व्यापले. मागे ओढून सोडायच्या मोटारी तर पेढ्यांच्या भावाने मिळू लागल्या. २०२०च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचे सीमाशुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले, १ जानेवारी २०२१ पासून भारतीय मानक चिन्ह सक्तीचे झाले आणि २०२३ मध्ये शुल्क ७० टक्क्यांवर गेले. लहान मुलांच्या तोंडात जाणाऱ्या वस्तूंची तपासणी व्हायलाच हवी, त्याबद्दल दुमत नाही. पण बाहेरून येणाऱ्या मोटारी महाग आणि विरळ होण्यात या सगळ्याचा वाटा आहे. दिल्लीच्या सेंटी कंपनीच्या मागे ओढून सोडायच्या प्लास्टिकच्या अॅम्बॅसडर, रिक्षा आणि एसट्यांसारख्या बसगाड्या मात्र या सगळ्या काळात टिकून आहेत, आणि आपल्या रस्त्यावरची वाहने आपल्या मुलांच्या हातात देण्याचे श्रेय मी तरी त्यांना देतो.

जाता जाता संग्राहकांसाठी: जुन्या मोटारीच्या अंगावर जाळीदार भेगा दिसू लागल्या आणि ती फुगल्यासारखी वाटली, तर तो गंज समजून घासत बसू नये. ओतीव जस्तात शिशाची भेसळ झाली असेल तर धातू आतून ठिसूळ होत जातो. दमट हवेत हे लवकर होते आणि त्याला इलाज नाही. युद्धपूर्व डिंकी मोटारींत हा रोग फार दिसतो. शेजारच्या मोटारीला तो लागत नाही, तेवढे तरी समाधान मानावे.

नवखा_मामा

मी आजवर नुसता वाचक होतो, पण एक व्यावहारिक प्रश्न आहे. माझ्या सात वर्षांच्या भाच्याकडे मोटारींचा ढीग आहे आणि तो त्या नुसत्या रांगेत लावून ठेवतो. विकतचा ट्रॅक न आणता घरी काही करता येईल का? पडद्याचे चॅनल आता कोणाकडे मिळत नाहीत.

कोबा

अवश्य करता येईल. विजेच्या सामानाच्या दुकानात वायरिंगसाठी पीव्हीसीची केसिंग पट्टी मिळते. तिचे झाकण काढले की उभ्या कडांची पन्हळ उरते. ती वेगवेगळ्या रुंदीत येते, म्हणून एक मोटार खिशात घालूनच दुकानात जावे आणि दोन्ही बाजूंना किंचित जागा राहील अशी पट्टी निवडावी. फार रुंद घेतली तर मोटार आत वाकडी होऊन अडकते. उतारावरून जमिनीवर येताना पट्टीला गोलाई द्यावी लागते. त्या जागी गरम पाणी ओतले की पीव्हीसी नरम पडते आणि हाताने वाकवता येते. हे काम मामाने करावे, भाच्याने नाही. वळणे मात्र केसिंगमध्ये जमत नाहीत. त्यांच्यासाठी सांडपाण्याचा ७५ मिलिमीटरचा पाइप उभा चिरून घ्यावा, आणि दुर्गवेडींनी सांगितल्याप्रमाणे त्याची बाहेरची बाजू थोडी उचलून बसवावी.

समकोन

पहिल्या दिवशी लूप करू नये, मूल निराश होते. उंची टेबलाएवढी ठेवावी आणि पट्टीच्या शेवटी पुस्तकांची भिंत न करता जाड चादर ठेवावी, म्हणजे मोटारींचे पुढचे आस वाकणार नाहीत. कोणती मोटार किती लांब गेली ते भाच्यालाच खडूने फरशीवर लिहू द्यावे.

नवखा_मामा

दोघांचे आभार. केसिंगचे तुकडे एकमेकांना जोडताना मोटार जोडावर अडखळणार नाही, यासाठी काय करावे? चिकटपट्टी लावून पाहिली, तर ती चाकांना धरते.

कोबा

चिकटपट्टी आतून न लावता खालून लावावी. शिवाय तुकडे टोकाला टोक न भिडवता वरचा तुकडा खालच्या तुकड्यावर बोटभर चढवावा, कौले बसवतात तसा. म्हणजे मोटारीला प्रत्येक जोडावर पायरी उतरावी लागेल, चढावी लागणार नाही. वरच्या तुकड्याची टोकाकडची कड पॉलिश पेपरने घासून पातळ केली, तर ती पायरीही जाणवत नाही.